एका चड्डीतली शर्यत

हात्सुए कुदो बहात्तराव्या वर्षी पळायला शिकली ती काही हौस म्हणून नव्हे. तिला विहिणीचं नाक ठेचायचं होतं, आणि तेही चारचौघांत.

ऑगस्टात लेकाचा, योशिनोरीचा, फोन आला. तुझ्या नातवाच्या, रित्सुच्या, शाळेत ऑक्टोबरात खेळ आहेत, म्हणाला. पहिली-दुसरीच्या मुलांची आजी-आजोबांबरोबर शर्यत असते, एका मुलामागे एकच म्हातारं माणूस. मागच्या वर्षी सासूबाई पळाल्या होत्या. या वर्षी रित्सु म्हणतोय, आओमोरीच्या आजीला, म्हणजे तुला, बोलवा.

"कसली शर्यत?" हात्सुएनं विचारलं.

"मोठ्या चड्डीची. एकाच चड्डीत दोघांनी शिरायचं, एका पायात तू, दुसऱ्या पायात तो. आणि पळायचं."

"येते," ती म्हणाली. त्याचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. ऑक्टोबर म्हणजे सफरचंदं उतरवायचे दिवस. बाग शेजारणीवर टाकून त्या दिवसांत कुणी शहाणं माणूस गाव सोडत नाही. पण हात्सुए आठ वर्षं या एका संधीची वाट बघत होती. सफरचंदं काय, दरवर्षी लागतात.

आठ वर्षांचं काय होतं ते ऐका. हात्सुएचा नवरा गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिचा एकुलता एक लेक घरजावई होऊन मात्सुमोतोला गेला. मोमोसेंचा मिसोचा, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचा, कारखाना दीडशे वर्षांचा, आणि पोटी एकच मुलगी, चिहारु. घर चालवायला जावई हवा, आणि तो मोमोसे हे नाव लावणारा हवा. हात्सुएनं लेक दिला, लेकाचं नाव दिलं, तोंडातून ब्र काढला नाही. मग रित्सु झाला. महिन्याचं बाळ देवळात नेतात तेव्हा त्याला बापाच्या आईनं हातात घ्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हात्सुए दोन गाड्या बदलून आली, ठेवणीतला किमोनो नेसली, देवळाच्या पायरीवर हात पुढे केले. आणि मासुयो मोमोसेनं, तिच्या विहिणीनं, बाळ अलगद स्वतःच्या हातांत घेतलं.

"विहीणबाई, तुमचा मुलगा आता मोमोसे ना हो? म्हणजे बाळ आमच्या घराण्याचं. तेव्हा हा मान माझाच व्हायचा, नाही का?" असं म्हणाली, आणि वर हसली. हसली हो! फोटोत हात्सुए कडेला उभी आहे, रिकामे हात पोटाशी धरून. तो फोटो तिनं कपाटात उलटा घालून ठेवलाय, पण फेकून दिलेला नाही. राग विझू द्यायचा नसेल तर असं काहीतरी घरात लागतं.

तर आता चड्डी. हात्सुएनं जुन्या चार चादरी जोडून एक अवाढव्य चड्डी शिवली आणि शेजारणीला म्हणाली, शीर आत.

"अगं मेले, कुनी बघितलं तर काय म्हनंल?"

"बघू दे. डावा पाय आदी उचल."

दीड महिना त्या दोघी बायका सफरचंदाच्या ओळींमधून एका चड्डीत पळत होत्या. पहिल्या आठवड्यात चार वेळा पडल्या. शेवटच्या आठवड्यात शिडी, टोपल्या, कुत्रं, सगळं चुकवून त्या अशा सुटायच्या की वाटेनं जाणारा टपालवाला सायकल थांबवून टाळ्या वाजवायचा. शिडीवर उभं आयुष्य गेलेल्या बाईचे पाय ते, मिसोच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या बाईचे नव्हेत. हात्सुए रोज झोपताना डोळ्यांपुढे एकच आणायची: ती आणि रित्सु दोरी तोडून पुढे गेलेत, आणि मासुयो काठावर बसून टाळ्या वाजवतेय. वाजवाव्याच लागणार तिला, लोकांदेखत.

शुक्रवारी संध्याकाळी ती मात्सुमोतोला पोचली, सफरचंदांची पेटी घेऊन.

"अय्या, सफरचंदं! एवढ्या लांबून ओझं वाहिलंत?" मासुयो दारातच म्हणाली. "आमच्याकडे तर दारातच होतात हो. पण असू दे, मुरांब्याला होतील."

हात्सुएनं नुसता वाकून नमस्कार केला आणि पेटी दारात ठेवली. मासुयोपुढे ती एरवीही फारसं बोलत नसे. तिची बोली उत्तरेकडच्या आओमोरीच्या डोंगरांपलीकडे कुणाला कळत नाही, आणि शहरी बोलायला गेली की जीभ अडखळते, मग मासुयो मान तिरकी करून म्हणते, "काय म्हणालात, विहीणबाई?" ते तिला सहन होत नसे. योशिनोरी तेवढा एक समजणारा, पण तोही आता आईशी शहरीच बोलायचा.

जेवताना मासुयो म्हणाली, "उद्या जपून हं. मागच्या वर्षी माझा दुसरा नंबर आला होता. पण तुमच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाहीये, तेव्हा मोकळ्या मनानं पळा."

'पळते की,' हात्सुए मनात म्हणाली, 'तू बघच.'

शाळेचं फाटक सहाला उघडतं, आणि घरच्यांना बसायला पुढच्या ओळीत ताडपत्री अंथरायची तर पहाटेपासून रांगेत उभं राहावं लागतं. योशिनोरी कारखान्याच्या कामानं थकून आला होता. "मी जाईन," हात्सुए म्हणाली. मासुयोनं लगेच दुजोरा दिला, "त्यांना सवय आहे ओझ्याची." आणि निळी ताडपत्री, तीन घडीच्या खुर्च्या, पाण्याची मोठी बरणी, उन्हाची छत्री, सगळं म्हातारीच्या पाठीवर आलं. हात्सुएनं तेही घेतलं. तिला काय, आज सगळं व्याजासकट वसूल व्हायचं होतं. फाटक उघडल्याबरोबर ती बाप्यांच्या घोळक्यातून अशी घुसली की शेवटच्या वळणाच्या अगदी समोरची जागा तिनं पटकावली. ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मधोमध बसून राहिली.

साडेनऊच्या सुमारास ऊन चांगलंच चढलं. मासुयो डब्यांची चवड घेऊन आली, चिहारु आली, योशिनोरी कॅमेरा घेऊन आला. लाल संघाच्या टोपीतला रित्सु आपल्या रांगेतून निसटून ताडपत्रीपाशी धावत आला.

"आओमोरीची आजी! आपली शर्यत आता तिसरी!"

हात्सुए गळ्यातल्या टॉवेलनं मान पुसत होती. पहाटेपासूनच्या ओझ्यानं तिचा श्वास अजून बसला नव्हता. "व्हय रं माज्या राजा," ती म्हणाली, "आत्ता बग, लई घाबरं झालंय मला."

आता हे बोलणं साधं होतं. तिच्या गावात माणूस बांध चढून आलं की म्हणतं, घाबरं झालं. म्हणजे दम लागला, जरा टेकू द्या. पण मात्सुमोतोत घाबरं होणं म्हणजे भीती वाटणं, दुसरं काहीही नाही. हे हात्सुएला माहीत नव्हतं असं नाही. पण दमलेल्या माणसाच्या तोंडून गावाकडचाच शब्द येतो, त्याला इलाज नाही.

रित्सुनं तिच्याकडे नीट बघितलं. मग परत पळाला. हात्सुएनं दोन घोट पाणी प्यायलं, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, कमरेला टॉवेल खोचला. दम गेला होता. पायांत अशी रग आली होती की आणखी दोन नातवंडं घेऊन पळाली असती.

पुकारा झाला. ती सुरुवातीच्या रेषेपाशी गेली, तर तिथं चौथ्या पट्ट्यात पिवळ्या चड्डीत रित्सु उभा होता, आणि दुसऱ्या पायात मासुयो.

हात्सुएला आधी वाटलं, आपलीच नजर फिरली. तेवढ्यात वर्गाच्या तरुण बाई धावत आल्या आणि कमरेत वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका. रित्सुनं सगळं सांगितलं. दुसऱ्या आजींनी वेळेवर हो म्हटलं, फार बरं झालं."

"काय सांगितलं?"

"तू घाबरलीयेस ना," रित्सुच म्हणाला. त्याचा चेहरा किती शहाणा, किती काळजीचा झाला होता. "आमच्या बाई म्हणतात, घाबरलेल्याला कधी ढकलायचं नाही. म्हणून मी या आजीला विचारलं."

"आरं, न्हाय! तसं न्हवं त्ये..."

"असू दे हो विहीणबाई," मासुयो चड्डीचा नाडा आवळत म्हणाली. पायांत तिच्या कोरे करकरीत पळायचे बूट होते. घरून घालूनच आली होती ती! "वय झालं की वाटतं असं. मी आहे ना."

आणि पिस्तूल वाजलं.

हात्सुए ताडपत्रीपाशी कशी परत आली तिचं तिला कळलं नाही. दीड महिना! बाग टाकून आले मी! देवळातही हातातलं घेतलं, आणि इथंही माझ्या नातवाच्याच हातानं घेतलं, वर मला भित्री ठरवलं शाळेदेखत. आणि ते कोरे बूट! आधीच ठरवून बसली होती भवानी. हात्सुएनं आयुष्यात देवाकडे फार काही मागितलं नव्हतं. त्या घडीला मात्र तिनं दात आवळून मागितलं, 'पाड तिला. देवा, सगळ्यांच्या देखत पाड.'

देवालाही कधीकधी लवकर ऐकू येतं. मासुयो आणि रित्सु पहिले होते. लाल टोप्यांचा नुसता जल्लोष चालला होता. शेवटच्या वळणावर, बरोब्बर हात्सुएच्या ताडपत्रीसमोर, मासुयोचा कोरा बूट चड्डीच्या घोळात अडकला, आणि मोमोसेंच्या घरची मालकीणबाई दोन्ही हात पसरून तोंडावर आपटली. चष्मा एकीकडे, टोपी एकीकडे, तोंडात माती.

हात्सुए ताडकन उठून उभी राहिली. आठ वर्षांचं पोटातलं सगळं एकदम वर आलं.

"बरी जिरली!" ती दोन्ही मुठी हवेत नाचवत आपल्या गावच्या बोलीत ओरडली. "बरी जिरली! बरी जिरली गं तुजी! बरी जिरली!"

काय सुख होतं ते! तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अख्खं मैदान श्वास रोखून गप्प झालेलं, आणि त्या गप्प मैदानावर एकटी हात्सुए गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. सात-आठ वेळा तरी ओरडली असेल. मग तिला दिसलं की चड्डी एक होती, आणि तिच्यात माणसं दोन होती.

रित्सु मासुयोच्या अंगाखालून बाहेर सरकत होता. त्याचा गुडघा फुटला होता, हनुवटीला माती लागली होती. इतका वेळ तिला तो दिसलाच नव्हता. तिनं मुठी खाली घेतल्या. शेजारी योशिनोरी उभा होता. त्याच्या डोळ्याला कॅमेरा नव्हता, तो आईकडे बघत होता. त्या हजार माणसांत तिचे शब्द कळणारा तो एकटाच होता.

मैदानात मासुयो उठली. चष्मा न घेताच तिनं रित्सुला उठवलं, चड्डी वर ओढली, आणि दोघं लंगडत लंगडत निघाली. बाकी तिन्ही जोड्या कधीच पोचल्या होत्या. पण शाळेच्या खेळांत सगळ्यात मोठ्या टाळ्या शेवटच्याला मिळतात, हे कुणाला ठाऊक नाही? माणसं उभी राहिली. लाल टोप्या, पांढऱ्या टोप्या, मुख्याध्यापक, झाडून सगळे टाळ्या वाजवत होते. हात्सुएनंही वाजवल्या. वाजवाव्याच लागल्या.

गुडघ्यांना पट्ट्या बांधून मासुयो ताडपत्रीपाशी आली. बसली नाही. हात्सुएसमोर उभी राहिली आणि कमरेत वाकली, खोल वाकली. आठ वर्षांत कधी वाकली नव्हती इतकी.

"विहीणबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता, "मी आज उठले नसते. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि तेवढ्यात तुमचा आवाज आला. तुमचा एकटीचा. किती पोटतिडकीनं ओरडत होतात हो! तुमच्या जागी मी पळत होते, तरी." तिनं नाक पुसलं. "काय म्हणत होतात? मला कळलं नाही."

हात्सुएनं लेकाकडे बघितलं. योशिनोरी पाण्याची बरणी बंद करत होता. झाकण घट्ट बसलं तरी तो फिरवतच राहिला.

"उठा, हिंमत धरा," शेवटी तो म्हणाला. "आमच्या गावाकडे असंच म्हणतात. बरी जिरली, म्हणजे हिंमत धर."

"बरी जिरली!" रित्सु लगेच म्हणाला. त्यानं दोन-तीनदा घोळवून बघितलं, जिभेला ते आवडलं. "बरी जिरली! कसलं भारी आहे!"

झालं. जेवणं होईपर्यंत ते शेजारच्या चार ताडपत्र्यांवर पोचलं. दुपारी रिलेच्या शर्यतीत लाल टोप्यांच्या एका पोराच्या हातून काठी निसटली, आणि तो बिचारा रडवेला होऊन ती उचलायला वाकला, तर दुसरीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडायला लागला, "बरी जिरली! बरी जिरली!" मासुयो मोमोसे तोंडाभोवती दोन्ही हात धरून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. चिहारुही ओरडत होती. आपल्याच संघाला, आपल्याच पोरांना.

क्षणभर हात्सुएच्या पोटात हसू उसळलं. ओरडा, म्हणावं. मोमोसेंचं दीडशे वर्षांचं घराणं जन्मभर एकमेकांना असंच शुभेच्छा देऊ दे. लग्नात म्हणा, बाळ देवळात नेताना म्हणा, कारखान्याच्या पाटीवर लिहा! याहून गोड सूड तिनं ठरवूनही उगवला नसता. तो मुलगा काठी घेऊन, डोळे पुसत, पुन्हा पळायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि हसू तिथंच बसलं.

ताडपत्रीची घडी घालताना योशिनोरी खाली बघून म्हणाला, "आई, मी आज त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. तुझ्यासाठी."

"ठाव हाय."

"रित्सुला मी खरं सांगणार नाही. सांगायचं तर तू सांग."

ती सांगणारच होती. हात्सुए कुदो कुणाची भीडभाड ठेवणारी नव्हती, स्वतःचीही नाही. नळावर पाय धूत बसलेल्या रित्सुपाशी ती गेली, उकिडवी बसली. त्याच्या गुडघ्यावरची पट्टी ओली होऊन लोंबत होती. तिनं ती नीट चिकटवली.

"रित्सु, त्ये म्या वरडत हुते ना..."

"मी रडणारच होतो गं," तो मध्येच म्हणाला. "खूप दुखत होतं. आणि सगळे बघत होते. मग तुझं ऐकू आलं, मग नाही रडलो." त्यानं तिच्याकडे बघितलं. "तू घाबरली होतीस ना? तरी एवढ्या मोठ्यांदा ओरडलीस."

हात्सुएनं त्याचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा काढली, आणि त्याला मोजे चढवले.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. सफरचंदं झाडावर थांबत नाहीत. सगळे फलाटावर आले होते. मासुयोनं मिसोचं एक लाकडी पिंप बांधून दिलं होतं, "आणि पुढच्या वर्षी पळायचं तुम्हीच," ती म्हणाली, "मी काठावरून ओरडेन. आता मला येतंय." तिच्या हनुवटीवर खरचटल्याचा व्रण होता आणि ती अगदी मनापासून बोलत होती. हात्सुएला तिच्याकडे बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बघवलं असतं.

गाडी सुटायची घंटा झाली. खिडकीची काच वर होत नव्हती, तेव्हा हात्सुए दाराशीच उभी राहिली. दार मिटायच्या आत तिनं हात हलवला आणि रुमालानं डोळे पुसायला लागली. रित्सुनं ते बघितलं. आजी रडतेय म्हटल्यावर तो लंगडतच फलाटावरून तिच्या दाराकडे पळायला लागला, दोन्ही मुठी हवेत नाचवत, गळ्याच्या शिरा ताणून.

"आओमोरीची आजी! बरी जिरली! बरी जिरली!"

दार मिटलं, गाडी हलली. काचेतून त्याचं तोंड हलताना दिसत होतं, पुन्हा पुन्हा, तेच दोन शब्द.

"व्हय रं बाबा," हात्सुए म्हणाली. "जिरली."